मुक्तासाठी भरलेली काडतुसं

१० मे, शनिवार
मुक्ता आली. मोन्टानाहून शॉमबर्गला आमच्या घरी, दोन दिवस एकटीने ड्राइव्ह करून. हातापायाला ओरखडे, केस भादरलेले. सुनंदा म्हणाली, "हे काय गं ध्यान!" आणि लगेच थालीपीठं लावायला घेतली.

जेवताना सहज सांगितल्यासारखं म्हणाली, यंदा सहा आठवडे डोंगरात, ओढ्यातले मासे मोजायचे. ती आणि केटी नावाची सहकारी, दोघीच. मागच्या वर्षी अस्वल तंबूपासून तीस पावलांवर आलं होतं म्हणे. हे मागच्या वर्षी सांगितलं नव्हतं.
"बाबा, रिलॅक्स. स्प्रे इज द मेन थिंग. गन इज जस्ट बॅकअप."
स्प्रे म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा, तो चुकला तर गन.

११ मे, रवि.
मु. आणि मी डेलबरोबर नेमबाजीच्या रेंजवर. (डेल माझ्याच मशीन शॉपमधला, माझ्याआधी रिटायर झाला. तळघरात काडतुसं भरायचा नाद.) मु.चं रिव्हॉल्व्हर चव्वेचाळीस मॅग्नम, पण दिवसभर कमरेला वागवायचं म्हणून अगदी हलकं घेतलंय. हलकं तेवढं जास्त उसळतं. विकतची काडतुसं उडवताना ती डोळे मिटून घेते. दोनदा पाहिलं. डोळे मिटून अस्वलाला काय मारणार?

डेल म्हणाला, बंदुकीची दारू थोडी कमी घालून काडतुसं घरी भर, "इझियर ऑन हर हँड्स." काडतुसं भरायचं प्रेस देतो म्हणाला.
ठरलं. आपला हात जगन्नाथ.

१३ मे, मंगळ.
तळघर झाडून प्रेस बसवलं. डेलने पुस्तक दिलं, दारूचं माप त्यातलंच. त्यात मी शहाणपणा करणार नाही.

प्रश्न क्रिंपच्या डायचा. गोळी पितळी पुंगळीत बसवली की पुंगळीचं तोंड आवळायचं, तो क्रिंप. डेलकडे दोन डाय, म्हणजे आवळायचे साचे. एक तोंडाची कड आत वळवून गोळीच्या खाचेत बसवते, करंजीची कड मुरडतात तशी. दुसरी कड न वळवता नुसती सरळ दाबते. डेल म्हणतो, रिव्हॉल्व्हरला वळवणारी. "ऑलवेज." का, ते सांगत नाही. डेलला कधीच कशाचं कारण माहीत नसतं.

वळवणाऱ्या डायने पहिल्या दहातल्या तीन पुंगळ्या फुगल्या. पुंगळ्यांची लांबी कमीजास्त आहे म्हणून. सगळ्या एका मापाच्या कापायला हव्यात. अजून पन्नास पुंगळ्या, आणि मु. शनिवारी निघणार.

१५ मे, गुरु.
सरळ दाबणारी डाय वापरली. काय देखणं काम! मायक्रोमीटरला पन्नासच्या पन्नास सारखी. तीस वर्षं डाय बनवल्या, आधी भोसरीच्या टूलरूममध्ये, मग इथे. मला डेलने डाय शिकवायची?

संध्याकाळी रेंज. आठ उडवली. भीती होतीच, स्वतः भरलेलं काडतूस, म्हणून दर वेळी एकच भरायचं, उडवायचं, पुंगळी तपासायची, मग पुढचं. आठही उत्तम. मु.ने डोळे मिटले नाहीत.
"बाबा, धिस इज सो मच बेटर!"

१७ मे, शनि.
मु. गेली. चार काडतुसं नमुन्याला ठेवली, उरलेली अडतीस डब्यात घालून दिली. विकतच्या काडतुसांचा डबा पण घेत होती. मीच म्हटलं, कशाला ओझं? सुनंदाने लाडू दिले ते मात्र घेऊ दिले.

२४ मे, शनि.
आठवडाभर लिहिलं नाही. केटीजवळ सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं छोटं यंत्र आहे. जेवणाच्या वेळी तेवढं चालू करतात. रोज एक ओळ येते. ती येईपर्यंत सु. ताटं वाढत नाही.

३१ मे, शनि.


डेल प्रेस न्यायला आला. माझ्याकडची चार काडतुसं राहिली होती, नमुन्याची. उचलून पाहिली. "यू यूज्ड द अदर डाय." म्हटलं, हो, बघ किती एकसारखी आहेत. तो हसला नाही. म्हणाला, सहाच्या सहा भरून उडवलीस का?
नाही. एकेकच.

दोन आणखी भरली, सहा केली, गेलो. रेंजवर तसलंच हलकं रिव्हॉल्व्हर भाड्याने मिळतं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला चाप ओढला जाईना. सिलिंडर, म्हणजे सहा काडतुसांचं फिरतं चाक, फिरेना. गच्च.

डेलने हळूहळू सोडवलं. दर धक्क्याला उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकत होत्या. पाचवीचं नाक सिलिंडरच्या बाहेर येऊन अडकलं होतं. कड खाचेत वळवलेली असती तर गोळी सरकलीच नसती. मी एकेक उडवत होतो. सरकायला दुसरी गोळी आतच नव्हती.
मी सावधपणा केला म्हणून मला दिसलं नाही. आणि मुलीच्या कमरेला तीच आहेत.

घरी आलो तर मेसेज आलेला. "ऑल गुड. फ्रेश ट्रॅक्स बाय द क्रीक, बिग वन्स. मूव्हिंग कॅम्प टुमॉरो." यंत्र चालू होतं. ती पलीकडे होती. मी लिहिलं, "छान. काळजी घे."
छान!
का नाही सांगितलं? वाटलं, एकदा पुन्हा करून बघू, कदाचित भाड्याच्या रिव्हॉल्व्हरचाच दोष असेल. खरं कारण लाज. दुसरं काही नाही.

१ जून, रवि.
डेलने प्रेस नेलं नाही. सकाळी पुन्हा सहा भरली, त्याच डायने. पुन्हा रेंज. या वेळी तीन उडाली आणि चौथ्याला अडकलं.
तिथूनच मेसेज केला, सगळं लिहिलं. संध्याकाळपर्यंत "पाठवला" एवढंच दिसतंय. "पोचला" नाही.
विकतचा डबा तळघरात फळीवर. मीच ठेवून घेतलेला.

२ जून, सोम.
काल संध्याकाळी मु.ची ओळ आली नाही. सु.ने विचारलं, "अहो, तुम्हाला काय झालंय? परवापासून जेवत नाही." सांगितलं. शनिवारचं "छान" पण सांगितलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "डेलचं ऐकलं असतंत तर?" एवढंच.

मु.च्या ऑफिसला फोन. बाई चांगली होती. म्हणाली, नवीन कॅम्प खोल घळीत आहे, आभाळ कमी दिसतं, दोन-तीन दिवस मेसेज न येणं नॉर्मल आहे. शुक्रवारी खेचरं सामान घेऊन जातात, विकतचा डबा तिथलाच घेऊन त्यांच्याबरोबर पाठवू. त्याआधी माणूस पाठवता येईल का, विचारलं. "सर, आय अंडरस्टँड." म्हणजे नाही.

दिवसभर एकच चित्र. ती चाप ओढतेय आणि चाप येत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला असता तर चाललं असतं, पण हे पोरीवर.

३ जून, मंगळ.
दुपारी काही नाही. डेल येऊन बसला.  सु.ने त्याला चहा केला. जाताना म्हणाला, "आय शुड हॅव टोल्ड यू व्हाय." त्याचा काय दोष?

सव्वासातला फोनवर मेसेज वाजला. मुक्ता!!
"गॉट इट बाबा. डोन्ट फ्रीक आउट. टेकडीवर चढून सिग्नल घेतलाय. ट्रॅक्स आर हिअर टू. स्प्रे आहे. पण शुक्रवारपर्यंत हीच आहेत. हाऊ मेनी इन अ रो कॅन आय ट्रस्ट? एक नंबर दे. पाच मिनिटं आहेत."

एकदा चार चालली, एकदा तीन. म्हणजे दोन नक्की? तिचं रिव्हॉल्व्हर त्याहून हलकं असलं तर? पकड सैल असली तर? मी "दोन" लिहिलं. सु. खांद्यावरून वाचत होती.
"दोन म्हणजे नक्की दोन का?"
मी बोटांवर पुन्हा मोजलं, चार, तीन.
"अहो, नक्की का?"
"माहीत नाही."
"मग तेच लिहा. तिला खोटं सांगू नका आता."

दोन खोडलं. लिहिलं, "पहिली उडेल. त्यापुढचं मला माहीत नाही, मुक्ता. मापून सांगता येत नाही. स्प्रे हातात ठेव, एकटी ओढ्यावर जाऊ नकोस. माझं चुकलं." पाठवलं.
तिला "मला माहीत नाही" असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. शाळेतल्या गणितालासुद्धा नाही.

पाच मिनिटं झाली होती की नाही, घड्याळ पाहायचं राहून गेलं.

४ जून, बुध.
उत्तर नाही. सु. म्हणते, उतरून गेली असेल, घळीत सिग्नल नाही, बाईने सांगितलंच होतं. स्वतःलाच सांगतेय.
दोघंही फोन टेबलावर मध्ये ठेवून बसलोय. माझ्या कालच्या मेसेजखाली अजून "पाठवला" एवढंच.