तिसरा चौकोन

गंगापूर रोड, नाशिक
९ फेब्रुवारी

प्रिय सनी,

तुझ्या केकचा फोटो मिळाला. गुलाब डावीकडे साधारण पंधरा अंशांनी कललेला आहे. आईने तो फोटो गल्लीत सगळ्यांना दाखवला आणि खरा गुलाबसुद्धा वाऱ्यावर असाच झुकतो म्हणून ठणकावलं. ऑपरेशनपासून डावा हात थरथरत असताना क्रीमची फुलं काढणारा तुमच्या बेकरीच्या वर्गात तू एकटाच असशील, त्यामुळे तुलनेला माझ्याकडे दुसरा नमुना नाही. छान आहे, एवढंच लिहिते. फोन करायचा सोडून ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मला मधेच हसवतोस आणि मुद्दा राहून जातो. आज तो राहून चालणार नाही.

आधी माझ्या कामाचं सांगते, कारण तू लोकांना ‘ताई डोक्यावर रिसर्च करते’ असं सांगतोस. लहान आणि वयात येणाऱ्या मुलांच्या मेंदूत गाठ कशाने होते, हे आम्ही शोधतो आहोत. सातव्या वर्षी तुला झाली तशी गाठ. अशा प्रत्येक मुलामागे त्याच वयाची, त्याच भागातली दोन निरोगी मुलं शोधायची आणि सगळ्यांच्या आयांना तेच एकशे अठरा प्रश्न विचारायचे. गरोदरपणी काम कुठे होतं, फवारणीजवळ जाणं झालं का, एक्स-रे काढला का, ताप आला का. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन असतात: होय, नाही, आठवत नाही. खात्रीने ठाऊक असलेली कारणं आजही थोडीच आहेत. मोठ्या प्रमाणातला किरणोत्सर्ग आणि काही मोजके आनुवंशिक दोष. बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं उत्तर ‘माहीत नाही’ हेच आहे, आणि ते मला घरोघरी जाऊन सांगावं लागतं.

निरोगी मुलं मिळणं सगळ्यांत अवघड. मखमलाबादकडे नवसाबाई म्हणून एक आहेत, शेवंती लावतात. त्यांनी आधी मुलीच्या गालाला काजळाचा ठिपका लावला आणि मगच मला बसायला सांगितलं. आमच्या पोरीला काय झालंच नाय तर इचारता कशाला, असं त्यांनी चार वेळा विचारलं. मी चार वेळा समजावलं. मग प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आलं, कुणाला ठाऊक बाई! शेवटी त्यांनी फुलांचा एवढा मोठा गुच्छ हातात दिला आणि हळूच विचारलं, पोरगी पास झाली ना? मी झाली म्हटलं. हे नियमात बसत नाही.

पण त्या घरातून निघताना एक गोष्ट मला नीट दिसली. आमच्या सरांनी ती पहिल्याच आठवड्यात शिकवली होती, मी ती पाठही केली होती. आजारी मुलाच्या आईला सगळं आठवतं. कुठल्या महिन्यात कुठली गोळी घेतली, कुठल्या दिवशी पाय घसरला, सगळं. ती वर्षानुवर्षं तेच चाळत बसलेली असते. निरोगी मुलाच्या आईला काहीच आठवत नाही, कारण आठवायची तिला कधी गरजच पडलेली नसते.

आपल्या आईचं तुला ठाऊकच आहे. तुझ्या वेळी पोटुशी असताना ती द्राक्षाच्या बागेत विरळणीला जायची आणि शेजारच्या ओळीत फवारणी चालायची. तुझं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून तिने बागेत पाय ठेवला नाही. निफाडात राहून बारा वर्षं आपल्या घरात द्राक्ष आलं नाही. शेजारी पेटी आणून ठेवायचे, ती दारातूनच परत पाठवायची. मी या कामाला लागल्यापासून दर रविवारी ती कणीक मळता मळता विचारते, लागला का गं शोध? तिला काय विचारायचं असतं ते मला कळतं. मी खोटं बोलू शकत नाही. फवारणीचा संबंध नाही असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि तुझी गाठ तिच्यामुळेच झाली असं म्हणायलाही नाही. ‘माहीत नाही’ ऐकून ती फक्त मान हलवायची.

काल मी तिच्यावर फॉर्मचा सराव केला. अभ्यासात तो धरला जाणार नाही, हे आधीच सांगितलं. तुझा फॉर्म भरायला दोन तास लागले. प्रश्न वाचून होण्याआधी तिचं उत्तर तयार. मग माझा काढला. बारा मिनिटांत संपला. ‘आठवत नाही’ एकतीस वेळा. फवारणीच्या प्रश्नाला तर ती ठामपणे म्हणाली, तुझ्या वेळी मी घरीच होते. समोर लंकाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्याच बागेत आईच्या शेजारच्या ओळीत त्यांनी सात-आठ वर्षं काढली आहेत. त्यांनी जुडी खाली ठेवली. सुमन, खोटं बोलती व्हय गं पोरीसमोर? हिच्या येळंला तर तू नववा लागला तरी बागेतच. मोरचुदाची फवारणी अंगावर आली, साडी पार निळी झाली, अन तसल्याच साडीवर आम्ही तुझी ओटी भरली. लय हसलो व्हतो!

आईने तोंडावर पदर घेतला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, सनी. अगं बाई, निळी साडी! एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि डोळे पुसत होती. यातून फवारणी निर्दोष ठरत नाही, हे मी तिथेच बजावलं. ठरतं ते एवढंच की तीच बाग, तीच आई आणि तीच फवारणी असून तिने तुझ्या वेळचं जपून ठेवलं आणि माझ्या वेळचं साडीबरोबर धुऊन टाकलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. संध्याकाळी लंकाबाईंनी घड आणले. आईने मिठाच्या पाण्यात तीनदा धुतले, एक मणी तोंडात टाकला, आंबट आहेत म्हणाली आणि अख्खा घड संपवला.

निघताना लंकाबाईंनी मला टोकलं. सगळ्यांचे कागद भरतीस, तुझा कोण भरणार गं?

तो मी आज भरला आहे. त्यात एकच नोंद आहे. तुझं दुखणं कळलं त्याआधी आई तोडणीसाठी सहालाच जायची आणि तुला आवरून शाळेत नेणं माझ्याकडे होतं. तू उठलास की मोरीत उलटी करायचास आणि म्हणायचास, ताई, आईला सांगू नको, सुई देतील. मी पाणी ओतायचे, तुझं तोंड पुसायचे आणि शिष्यवृत्तीच्या जादा तासाला वेळेवर पोचायचे. सांगितलं असतं तर आईने मला तुझ्यापाशी घरी ठेवलं असतं आणि तास बुडाले असते, म्हणून मी सांगितलं नाही. अशा एकोणीस सकाळी. विसाव्या दिवशी तू शाळेच्या पायरीवर पडलास आणि गाठ सापडली. मला शिष्यवृत्ती मिळाली, तिचं कौतुक आई अजून करते. त्या एकोणीस दिवसांनी काही बदललं असतं का, याचं उत्तरही ‘माहीत नाही’ हेच आहे. ते मी बारा वर्षं एकटीनेच ऐकते आहे. म्हणून हे पत्र. खाली मी तीन चौकोन काढले आहेत. प्रश्न असा: त्या एकोणीस सकाळी तुला उलट्या व्हायच्या का? खरं उत्तर दे, मला बरं वाटावं म्हणून देऊ नकोस. तुझी वाकडी खूण तिसऱ्या चौकोनात आली, तर आमच्या फॉर्मवर ते उत्तर बहुतेक निरोगी मुलांच्या घरी मिळतं, एवढं ध्यानात ठेव. पहिल्या चौकोनात आली, तर शनिवारची गाडी पकडून ये, आईला आपण दोघं मिळून सांगू. ती रडेल की हसेल, याचा अंदाज मला करता येत नाही. पण घरात द्राक्षं आहेत.

होय ☐   नाही ☐   आठवत नाही ☐

उत्तराची वाट बघणारी, तुझीच ताई,
सृष्टी