हिरव्या जिभा

३ मार्च, सोमवार

हेमालीचं रक्त कमी निघालं! शाळेत तपासणी झाली होती, म्हणून आज तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून बघितली आणि मग माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी काही मी पोरीला उपाशीच ठेवते. "हिमोग्लोबिन आठच्या आसपास आहे. औषध द्या, पालेभाज्या द्या. एप्रिलअखेर परत बघू. चढलं नाही तर अलिबागला दाखल करून शिरेतून लोह द्यावं लागेल."

सहा वर्षांची पोर. सुईचं नाव ऐकूनच माझ्या पदराला चिकटली.

पालेभाजी म्हणे! आगरदांड्याच्या कोळीवाड्यात! माझा बाप माणगावच्या बाजारात भाजी विकतो, आणि माझ्याच पोरीला मेथी म्हटलं की ओकारी येते. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "पाला बकरीनं खावा गो. कालवण दे, रगत आपोआप येल." संपलं! या घरात नीराबाई बोलल्या की पुढे कोणी बोलत नाही.

५ मार्च

औषध थुंकलं. माझ्याच साडीवर. थालीपिठात लपवलेला पालक उचकून काढला आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवला! पोरगी आहे की कस्टमवाली?

६ मार्च

चिडून दुपारी ओट्यावर बर्फाचे खडे चावत बसले. माझी ही खोडच झालीय हल्ली — राग आला की बर्फ, दमले की बर्फ. हेमालीचा बाप, कमलेश, म्हणतो, घरात उंदीर शिरलाय. तेवढ्यात हेमाली शेजारी आली, हात पुढे केला. "आई, मला पण."

आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! भाजीला नाक मुरडणारी पोर बर्फाला कधीच नाही म्हणत नाही. मग भाजीचाच बर्फ करू की!

८ मार्च

फसलं! पालक उकडला, केळं, नारळाचं दूध, गूळ घालून मिक्सरला फिरवला, ग्लासात ओतून फ्रीजरात ठेवला. हेमालीनं एकदा चाटलं आणि तोंड वाकडं. "आई, ह्यात सोडे घातलेस?"

फ्रीजर कोळंबी आणि बोंबलांनी ठासून भरलेला, आणि मी त्यात उघडे ग्लास ठेवले! लग्नाआधी मला हा वास दारातूनच आला असता. आठ वर्षांत नाक पक्कं कोळ्याचं झालं.

सासूबाई हसून हसून खाली बसल्या. "मीठ-मसाला टाक, कोकम टाक, कालवण होईल त्याचं!" मलाही हसू आलं. मग न्हाणीत जाऊन थोडी रडले.

१० मार्च

फ्रीजर सोडायला सासूबाई तयार नाहीत. "मासली कुठं ठेवू, तुझ्या डोक्याव?" बरं. मीही माणगावची आहे! लहानपणी जत्रेत बाबा आम्हाला पॉट आइस्क्रीम द्यायचे — लाकडी पिंप, बर्फ, खडेमीठ, आणि मध्ये डबा. आमच्याकडे बर्फाला काय तोटा? कमलेश बोटीसाठी आणतोच. त्याला म्हटलं, घमेलंभर दे, पण मासळी लागायच्या आधीचा! नव्या बादलीत बर्फ आणि मीठ, त्यात घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. दुपारपर्यंत दगड! वास? काही नाही! फिरकीच्या झाकणाला ओवाळायचंच काय ते मी बाकी ठेवलं.

१२ मार्च

हिरवा रंग लपवायला कोको घातला. हेमाली लांबूनच म्हणाली, "हा खाडीतला चिखल आहे. मी नाही खाणार." ओरडले तिच्यावर! इतकी, की शेजारची ठमाबाई धावत आली. पोर भेदरून सासूबाईंच्या मागे लपली. लाज वाटली मला. पण खाल्लं नाही तर अलिबाग, सुई, सलाईन — भीती मला वाटते आणि ओरडा तिला बसतो.

१४ मार्च, धुळवड

जिंकले! जिंकले!!

होळीच्या सणाला सगळ्या बोटी धक्क्याला, पुरुष घरी, वाड्यात नुसता दंगा. पोरं रंगानं माखलेली. सकाळी त्यांना बघताना मनात आलं, मी लपवतेय कशाला? आज तर रंगाचाच दिवस! कोको गेला खड्ड्यात. पालक, शेवग्याचा कोवळा पाला, नारळाचं दूध, गूळ आणि कैरी. आंबट हवंच, त्यानं लोह अंगी लागतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. हिरवंगार! काड्या खुपसून बर्फाच्या कांड्या केल्या आणि अंगणात उभी राहून ओरडले, "ज्याची जीभ सगळ्यात हिरवी, त्याचा पहिला नंबर!"

पहिला आला ठमाबाईचा कान्हा. मग पलीकडच्या घरातला अल्पेश. मग सगळी झुंडच! जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवतायत, किंचाळतायत. हेमाली जरा वेळ खांबाला टेकून बघत होती. मग आली. "मला दे. मोठी दे."

दोन खाल्ल्या! दोन!! "पप्पा, माझी बघा, माझीच जास्त हिरवी!" धावत जाऊन सासूबाईंच्या तोंडाला गुलाल फासला. "येडी झाली ही," म्हणाल्या, पण पुसला नाही.

मला चाटायला पातेलं उरलं.

१८ मार्च

नियम केला. आधी औषध, मग कांडी. चमचा कसा गपकन गिळते!

३० मार्च, गुढीपाडवा

रोज संध्याकाळी अंगणात पोरांची रांग. आता त्यांच्या आयाही येतात, "सुचिता, कसं करतेस सांग ना गो!" बाबांनी माणगावहून माठाच्या आणि पालकाच्या जुड्या पाठवल्या. फोनवर म्हणाले, "कोळीवाड्यात पाला खपतोय? थट्टा करतेस काय बापाची?"

आणि आजची मजा! सासूबाई बादलीपाशी पाठमोऱ्या उभ्या. "काय करताय, आई?" वळल्या तर जीभ हिरवी! "मीठ बघत व्हते," म्हणे. कांडीत मीठ! हसता हसता माझा जीव गेला.

माझ्या वाट्याला आजही नाही उरली. नसू दे. पोरांनी खाल्ली की झालं. मला माझे बर्फाचे खडे आहेत.

११ एप्रिल

हेमाली धक्क्यापासून घरापर्यंत पळत आली! आधी निम्म्या वाटेत "उचल" म्हणायची. मीच मागे राहिले, कुंपण धरून उभी, छातीत धडधड. "आई म्हातारी झाली!" म्हणून ओरडली कार्टी. एकतिसाव्या वर्षी! ऊनच मरणाचं आहे.

२८ एप्रिल, सोमवार

चढलं! अकराच्या वर गेलं! अलिबाग नाही, सुई नाही, काही नाही! "काय केलंत हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सांगायच्या आत हेमालीनं पुरावा म्हणून जीभच बाहेर काढली. आणि सासूबाई — सोबत आल्या होत्या — सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "आमची सून करते. आमचे घरान करते." आठ वर्षं मी 'माणगाववाली' होते. आज आमची सून! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं. "तुम्हाला एवढी धाप का लागते?" माझीही पापणी ओढली, रक्त घेतलं. उद्या कळेल म्हणे. उगाचच! मी चांगली धडधाकट आहे.

कमलेशनं सुरमई आणली. आणि हेमालीनं सुरमईच्या शेजारी काय मागितलं? मेथी! ताटात, उघड उघड!

२९ एप्रिल

माझं सात. हेमालीचं होतं त्याहून कमी. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "सारखा बर्फ चावावासा वाटतो का? रक्त कमी असलं की वाटतो." सोबत आलेल्या कमलेशनं मान खाली घातली.

संध्याकाळी पोरांची रांग लागली. सासूबाईंनी सगळ्यांना थांबवलं, पहिली कांडी काढली आणि मला हाताला धरून ओट्यावर बसवलं. "खा. माझ्या देखत खा. मग पोरांचं बघू."

"आधी औषध!" हेमाली गोळी घेऊन उभी. मग समोर बसून राहिली, कांडी संपेपर्यंत.

"आई, जीभ दाखव."