लाल पेनातली खोटी टिक

२ सप्टेंबर, शनिवार

मिळाली! आपल्याच शाळेला मिळाली! मोठ्या सरांनी शिक्षकखोलीत पत्र वाचून दाखवलं आणि गायनाच्या बाईंनी चक्क उडी मारली. परदेशातली मुलगी, पंधरा वर्षांची, वर्षभर आमच्या दहावीत शिकणार. शाळेच्या इतिहासात पहिलीच!

“राहायला कोणाकडे?” असं सरांनी विचारलं मात्र, सगळे छताकडे बघायला लागले. कोणाची सासू आजारी, कोणाची खोली लहान. माझं तोंड माझ्या आधी बोललं — “माझ्याकडे!”

सगळ्या नजरा छतावरून माझ्याकडे वळल्या. मला ठाऊक आहे त्यांच्या मनात काय होतं. पोरं मला फुलीबाई म्हणतात. सत्तावीस वर्षं गणिताच्या वह्यांवर फुल्या मारतेय, नाव पडणारच. पण लेक नोकरीला परगावी गेली, तिची खोली तीन वर्षं रिकामी आहे, ते कोण बघतं?

३ सप्टेंबर, रविवार

लेकीचा रविवारचा फोन. ती मजेत, मी मजेत. पाहुणीचं सांगितलं. “बरं झालं आई, सोबत होईल तुला.” चार मिनिटं.

मग कपाट रिकामं केलं, आतून पुसलं, पुन्हा पुसलं.

९ सप्टेंबर, शनिवार

मोठ्या सरांची खास सभा. सहा आठवड्यांनी पाहुणीला पाठवणाऱ्या संस्थेच्या बाई येणार आणि पाहुणीला एकटीला बसवून विचारणार — इथेच राहायचं, की शाळा आणि घर दोन्ही बदलायचं? पलीकडच्या शाळेतून गेल्या वर्षी एक परदेशी पोरगी अशीच निघून गेली. “तेव्हा ओरडायचं नाही, टोकायचं नाही, मार्क सढळ हाताने!” हे म्हणताना सर फक्त माझ्याकडे बघत होते. मी काय वाघ आहे?

१० सप्टेंबर, रविवार

आली! इतकी उंच की दारातून येताना मान वाकवली. आपली भाषा शिकून आलीय. थांबत थांबत बोलते, पण धरलेलं वाक्य सोडत नाही.

“तुम्हाला काय म्हणू?”

“शाळेत बाई, घरी मावशी.”

लगेच वहीत लिहून घेतलं! भोपळ्याचं सूप केलं होतं. (खायचा भोपळा. मी वर्गात देते तो नव्हे.) “खूप छान!” म्हणाली. मला आनंदाने वेड लागायचं बाकी आहे.

१४ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा भोपळ्याचं सूप. “खूप छान!” तिच्यासाठी दोन भोपळे आणून ठेवले.

२१ सप्टेंबर, गुरुवार

शाळेत तिचा थाट बघावा. पहिल्या बाकाच्या पुढे एकटीला गादीची खुर्ची. फळा पुसायची पाळी नाही, वर्ग झाडायची पाळी नाही. आज ती गायनात इतकी बेसूर गायली की खिडकीवरचं कबुतर उडालं. बाईंनी टाळ्या वाजवल्या! पोरांनीही वाजवल्या. ती मात्र खाली बघत होती. लाजली असेल.

माझंही तोंड गोड बोलून बोलून दुखायला लागलंय. पोरगी पलंगावर ओला टॉवेल टाकते. मी गुपचूप उचलते.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

नको तेच केलं.

चाचणीचा पेपर. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ? पाहुणीने लिहिलं — नऊ तास! सरळ बेरीज! मदतीला दुसरा नळ आला आणि टाकी भरायला दीडपट वेळ! दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर फुली कागदाच्या पलीकडे उमटली असती.

मी टिक केली. अशा आणखी तीन. पंचवीसपैकी बावीस. खरे होतात तेरा. सत्तावीस वर्षांत लाल पेनाने पहिल्यांदा खोटं लिहिलं. जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

पेपर सकाळी वाटले. संध्याकाळी मी भाजी चिरत होते, ती पेपर घेऊन समोर उभी राहिली.

“मावशी, हे चूक आहे. एकटा नळ तीन तासांत भरतो. दोघं मिळून नऊ कसे? मी घाईत बेरीज केली. तुम्ही टिक दिली.”

मी काहीतरी पुटपुटले — नजरचूक, चष्मा…

“चारदा?”

सुरी खाली ठेवली.

“गायनाच्या बाई टाळ्या देतात. मला गाता येत नाही. मुलं म्हणतात, तू फार हुशार. मला अर्धं कळत नाही. इथे सगळं टिक आहे. मग खरं काय आहे, मला कसं कळणार?” डोळे भरले होते पोरीचे. मग एकदम म्हणाली, “मी पण टिक दिली. मला भोपळ्याचं सूप आवडत नाही.”

अगं बाई! पाच वेळा प्यायली ती ते सूप!

मी हसले की रडले, माहीत नाही. लाल पेन आणलं. तिच्या समोर चारही टिका खोडल्या, चार फुल्या मारल्या. तेरा. मग तिथेच भाजीशेजारी बसून नळ शिकवले. दोन तास हे उत्तर आलं तेव्हा तिने टेबलावर हात आपटला!

४ ऑक्टोबर, बुधवार

वर्गात माझी चूक कबूल केली आणि तिचे खरे मार्क वाचले. मग शेवटच्या बाकावरचा नेहमीचा नऊ मार्कवाला ओरडला — “ये इकडे, इथे जागा आहे!” ती गेली! गादीची खुर्ची तिने स्वतः उचलून शिक्षकखोलीत आणून ठेवली.

मोठे सर लालबुंद. “बाई, हाताने घालवलंत! सोळा दिवस राहिलेत फक्त!” चूक त्यांची नव्हतीच सगळी, पेन माझं होतं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

फळा पुसायच्या पाळीत तिचं नाव! केसांत खडूची भुकटी घेऊन घरी आली, आरशात बघून खूश.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

ओला टॉवेल पुन्हा पलंगावर. मी अशी ओरडले की शेजारणीने खिडकी उघडली. तीही ओरडली — मी तिचे कागद आवरून ठेवते, मग तिला काही सापडत नाही म्हणे! खरंच आहे. दहा मिनिटं दोघी फुगून बसलो. मग तिने टॉवेल वाळत घातला, मी कागद परत पसरले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या संस्थेच्या बाई येणार. दुपारी तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. पलंगावर बॅग उघडी, कपडे बाहेर. जायचं ठरलं तर! विचारायची हिंमत झाली नाही. मीच ना ती, जी सगळ्या वर्गाला उभं करून विचारते?

तिला जाऊ द्यायचं नाहीये मला. शाळेसाठी नाही. माझ्यासाठी.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

बंद खोलीत वीस मिनिटं. बाहेर मोठे सर येरझाऱ्या घालतायत, गायनाच्या बाई नखं खातायत, मी भिंतीवरचं वेळापत्रक चौथ्यांदा वाचतेय. दार उघडलं. राहतेय! इथेच! माझ्याचकडे! सरांनी माझा हात इतका हलवला की बांगडी वाकडी झाली. “फुल्या चालू ठेवा बाई!”

घरी येऊन विचारलं, मग बॅग का काढली होतीस? तिने कपाट उघडून दाखवलं. कपडे नीट लावलेले. सहा आठवडे सगळं बॅगेतच ठेवून राहिली होती, काल पहिल्यांदा बाहेर काढलं. मी दोनदा पुसलेलं कपाट, आणि मला पत्ताच नाही!

२२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. “कशी आहेस?” मजेत म्हणणारच होते. समोर पाहुणी माझं लाल पेन घेऊन स्वतःची गणितं तपासत होती. म्हटलं, “नाही गं. तीन वर्षं खोटं सांगतेय. तुझ्याशिवाय करमत नाही मला.” पलीकडून हुंदका. “आई, माझी नोकरी मार्चमध्येच गेली. तुला कसं सांगू…”

एक तास दहा मिनिटं बोललो. शनिवारी येतेय. खोली एक, पोरी दोन!