तळातली नळी

३ सप्टेंबर
आजपासून मी लाँच चालवणारा! वारंगा फाट्यावर इतकी वर्षं जीप हाकली, आता धरणाच्या पाण्यावर गाडी. ना खड्डे, ना पोलीस. पलीकडच्या तांड्यावरच्या लोकांना बाजाराला आणायचं, परत सोडायचं. इंजिन जीपसारखंच, फक्त थंड व्हायला ते तळातल्या पितळी नळीतून धरणाचं पाणी ओढतं. तांड्यावरच्या नानीबाईंनी पहिल्याच फेरीत भाकरी दिली, आणि जीपवाल्याला हे जमंल का म्हणून चिडवलंही. मी जाम खूश आहे.

८ सप्टेंबर
नळीच्या बुडाशी पाणी झिरपतंय. नानीबाईंची बसायची जागा तीच. म्हणाल्या, भाऊ, पाय भिजून राहिले, बघा जरा. नवी नळी बसवायची तर लाँच बाहेर काढा, फेऱ्या बंद ठेवा, कोण करणार? रेडिएटर गळला की आम्ही ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतो, बराबर गळायचा थांबतो. इथंही हळद आणि साबण कालवून चोपडलं. झिरपणं थांबलं. आपलं डोकं चालतं म्हणायचं!

११ सप्टेंबर
भर पाण्यात नळी उखडली. नानीबाईंनी भोकावर टाच दाबून धरली म्हणून लाँच तरंगत राहिली. मासेवाल्यांची होडी आली. बाकीचे चढले, एकाचीच जागा उरली. मी म्हणालो, मावशी, टाच उचलू नका, आलोच. आणि त्या जागेवर मी बसलो.
लाँच बुडाली. नानीबाई अजून सापडल्या नाहीत. मी सगळ्यांना सांगितलं, जागा त्यांनाच देत होतो, त्यांनीच मला बळंच पाठवलं.

२० सप्टेंबर
लाँच वर काढली, नानीबाई सापडल्याच नाहीत. नवी नळी बसली. नानीबाईंचा मुलगा अमरसिंग माझ्या पाया पडला. याडीसाठी तुमी लई केलं, म्हणाला. याडी म्हणजे त्यांच्यात आई. खाई त्याला खवखवे. लाज वाटते.
नळी आता थेंबभर गळत नाही. पण इंजिन तापतंय. पाणी आत येतच नाही.

२२ सप्टेंबर
काठालाच नळी खोलली. भोक उघडं, तरी पाणी वर आलं नाही. वाकून पाहिलं — कातडी. भेगाळलेली टाच. खालून घट्ट दाबलेली. भेगांत हळद —
नळी परत आवळली. कुणाला सांगू? काहून, असं विचारतील.

२३ सप्टेंबर
अमरसिंग, त्याची बायको, लेकरू लाँचमध्ये. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मधोमध इंजिन तापून बंद. थंड होण्याची वाट बघतोय. त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून लिहितोय.
विचारतोय — याडी शेवटी काय बोलली?
म्हणालो, भाऊ, तुमी जावा, असंच म्हणाल्या —
नळी उसळली. पाणी. लेकराच्या पायाशी —
अमरसिंग उठला. भोकावर टाच ठेवून राहिला — नको, अमरसिंग, थांब — खरं सांगतो — ती जागा मी —