फिल्मवरचा पट्टा

भद्रावती, २५ ऑक्टोबर २००८

दिवाळीमुळे नागपूरचं हॉस्टेल रिकामं. आनंद सांगायला कुणीच नाही, म्हणून प्रयोगाची एक्स-रे फिल्म घेऊनच घरी आले. पेशीत मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे रेणू कापून तयार करणारं प्रथिन सूज आणणाऱ्या प्रथिनाला धरून असतं, त्याचा पुरावा म्हणजे या फिल्मवरचा एक काळा पट्टा. दोन वर्षांची मेहनत, आणि एवढासा पट्टा!

आईनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "माह्या गुडघ्याचा फोटो हाय का? सूज दिसून राह्यली."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्या पट्ट्याकडे इतका वेळ कुणी पाहिलंच नव्हतं. हो म्हणाले.

"सापडली ना? मंग आता उतरन," म्हणत तिनं फिल्म औषधांच्या पिशवीत ठेवली.

सुट्टीनंतर माझ्या गाईड सरांना हीच दाखवायचीय. मागू कशी?