इंजेक्शनांनी नेलेला तोल

इंदूर,
४ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप आक्कासाहेबांना धाकट्या संताजीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. दाजीसाहेबांना मुजरा.

इकडे सर्व खुशाल. हे रीत म्हणून लिहीत नाही. आक्कासाहेब, माझा क्षय गेला! पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरला आणि म्हणाले, "संताजीराव, साफ आहे." मी त्यांचे पायच धरले. बाहेर लक्ष्मण उभा होता, घोडेस्वार पोलिसांतला माझा जोडीदार. मला उचलून ओरडला, "भिया, अब तो बारात पक्की!" मग गरम जलेबी खाल्ली. किती, ते विचारू नका.

आणि बारात खरेच पक्की आहे. मंगलाच्या वडिलांनी, नानासाहेबांनी, तिचा होकार कळवला. तुम्ही देवासहून नवरदेवासाठी पांढरी घोडी आणणार म्हणता. त्याबद्दल पुढे लिहितो.

मधे हे लग्न मोडले होते, ते तुम्हाला कळवले नाही. रागावू नका. एका संध्याकाळी मी नानासाहेबांकडे जेवायला निघालो. गल्लीतले दिवे गेलेले. अंधारात पाय कुठे पडतो ते मला समजेना. एकदा या भिंतीवर, एकदा त्या भिंतीवर, असा त्यांच्या दारात पोचलो. नानासाहेब कंदील घेऊन उभे होते. म्हणाले, "होळकर सरकारांच्या दफ्तरात आयुष्य काढलं मी. पिऊन आलेला माणूस ओळखतो." शरमेने मी कारण सांगितले नाही. तसाच परतलो. दुसऱ्या दिवशी नकार आला.

लक्ष्मण माझ्यावर भडकला. "मुँह में दही जमा था क्या? जा, सांग खरं काय ते!"

गेलो, भर दुपारी. नानासाहेबांना म्हटले, "मी दारूला शिवत नाही. हे स्ट्रेप्टोमायसिनचं आहे. क्षयाच्या इंजेक्शनांचं. ते कानाच्या आतल्या भागाला मारतं, आणि माणसाचा तोल तिथूनच सांभाळला जातो. उजेडात डोळ्यांनी सावरतो. डोळे मिटले की गेलो."

"हे मी कसं मानू?"

मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो, पाय जुळवले, डोळे मिटले. आक्कासाहेब, जमीन सरकली! पडणार तोच कोणीतरी माझा दंड घट्ट धरला. डोळे उघडले तर मंगला. वडिलांच्या देखत! म्हणाली, "बाबा, यांच्या तोंडाला औषधाशिवाय कसलाच वास नाही." नानासाहेब आत गेले. मग स्वतः पाट मांडला आणि म्हणाले, "बसा. त्या दिवशीचं जेवण राहिलंय."

आता जे टाळत होतो ते. चक्कर सुरू झाली तेव्हाच डॉक्टरांनी विचारले होते, "थांबवू का? तोल वाचेल कदाचित. छातीचं मात्र सांगवत नाही." मी म्हटले, टोचा. ही गोष्ट तुमच्यापासून लपवली, कारण दाजीसाहेबांना मुंबईला पाठवून, ओळखीपाळखी काढून ते औषध तुम्हीच मिळवलेत. माझ्या वॉर्डात ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यातले किती खाटेवरूनच गेले, ते मी पाहिले आहे. तेव्हा या पायांसाठी स्वतःला दोष दिलात, तर मी तुमच्याशी बोलणार नाही.

घोड्यावर बसून पाहिले. संथ चालीत निभावले. घोडा दुडक्या चालीवर आला तसे समोरचे अख्खे मैदान उड्या मारू लागले आणि मी धुळीत. घोडा बिचारा थांबून माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टर म्हणतात, थोडे सुधारेल, पूर्वीसारखे होणार नाही. त्या दिवशी तबेल्यात जाऊन रडलो.

पण ऐका, साहेबांनी मला काढले नाही! नव्या जवानांना रिंगणात मधे उभे राहून मीच शिकवतो. आवाज पूर्वीपेक्षा दमदार झाला आहे, छाती साफ आहे ना! काल एक पोरगा पहिल्यांदा लगाम न ओढता नीट दौडला, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

तेव्हा घोडी आणू नका. आपल्या घराण्यातला पायी जाणारा मी पहिला नवरदेव. लोक बोलतील. बोलोत. मंगलाला विचारले तर म्हणाली, "चालत या. मला नीट दिसाल."

मुहूर्त गोरज आहे, दिवस मावळत असेल. मांडवापर्यंत माझ्या उजव्या हाताला तुम्ही चालायचे. दुसऱ्या कोणाला मी ती जागा देणार नाही.

अजून डुलणारा, पण तुमच्यामुळे जिवंत,
संताजी