नांदेडहून दुरुस्त होऊन आलेली गिटार

आई, माझा नवा अल्बम आला. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "किती जण हायेत त्यात?" म्हणजे किती पोळ्या लागतील याचा अंदाज यावा. तर या वेळी मी एकटीच आहे. आमच्या बँडमधला ड्रमवाला गुडघ्यांपायी घरी बसला, बेसवाल्याला कंपनीनं कॅनडाला नेलं, आणि गाणाऱ्याला डॉक्टरांनी गायचं बंद करा म्हणून सांगितलं, तेच तर लोक त्याला पहिल्या कार्यक्रमापासून सांगत आले होते. उरले मी आणि माझी गिटार. आमचं संगीत म्हणजे नेमकं काय, हे मला तुला कधी समजावता आलं नाही. गिटारीतून गाणं काढायचं नाही, तिला घुमू द्यायचं, किंचाळू द्यायचं, स्पीकरसमोर धरून शिट्ट्या मारू द्यायच्या. याला प्रयोगशील रॉक म्हणतात आणि या वयातही तोच करणारीला ज्येष्ठ म्हणतात. तू मात्र शेजारणींना सांगायचीस, "पुण्यात लाइटीच्या कामात हाय पोरगी." एवढ्या वायरी बघून तुझा खरंच तसा समज झाला होता, का अब्रू झाकण्यासाठी तू तसं सांगायचीस, हे मी तुला कधी विचारलं नाही.

हा अल्बम मी लातूरला, आपल्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला. पुण्यातले चांगले स्टुडिओ सोडून तिकडं कशाला, असं ज्यानं त्यानं विचारलं. मी कलेची कारणं दिली. जिथं तुझ्या मेसच्या पोरांच्या पंगती बसायच्या त्या हॉलमध्ये आता अभ्यासिका आहे. प्लायवूडचे खण पाडलेत, एकेका खणात एकेक लेकरू, डोक्यावर दिवा, आणि भिंतीवर चार ठिकाणी 'शांतता राखा'. त्याच भिंतीच्या मागं मी वाजवणार होते. अभ्यासिका चालवणारे सर सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, रविवारी दुपारी वाजवा. सगळ्यांची टेस्ट राहते, काळं कुत्रं नसतंय इथं." तेव्हा सहा रविवार, दुपारी दोन ते पाच, असा अल्बम झाला. एका रविवारची टेस्ट पुढं ढकलली होती, ते मला कुणी सांगितलं नाही. मी सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला दारात एक चष्मेवाली मुलगी उभी. "मॅडम, वायरिंग जळून राहिली का?" मी म्हटलं, नाही गं, मी वाजवतेय. तिनं गिटारीकडं पाहिलं, माझ्या पिकल्या केसांकडं पाहिलं, आणि "बरं बरं, चालू द्या" म्हणून हलकेच दार ओढून घेतलं. मला तुझी फार आठवण आली.

ही मेस आपल्याला भूकंपानं दिली, असं तू कधी कधी बोलून जायचीस आणि लगेच स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायचीस. बाबा त्याआधीच गेले होते. किल्लारीकडच्या गावांची माती झाली, आपल्या भिंतींना नुसत्या भेगा पडल्या. मदतीला आलेले डॉक्टर, इंजिनिअर, बाहेरगावची माणसं लातुरात उतरली, त्यांना वेळेवर जेवण मिळेना, तेव्हा तू मोठी पातेली बाहेर काढलीस. ती माणसं परत गेली तोवर क्लासची पोरं येऊ लागली होती. बिलोली, भोकर, किनवट, कुठून कुठून. दहावीला मार्क पडले की आईबाप पोराला पेटी-वळकटीसकट लातुरात आणून सोडायचे आणि तुझ्याकडं बघून म्हणायचे, "मावशी, याला तिखट सोसत न्हाई." मी अकरावीत गेले तोवर दोन्ही वेळा चाळीस-चाळीस पानं उठायला लागली होती. धक्के कधीच थांबले होते, भीती थांबली नव्हती. घरोघरी भांड्यांची उतरंड रचलेली असायची. आपल्याकडं फळीवर तांब्या, तांब्यावर उपडा पेला, पेल्यावर वाटी, वाटीत चमचा. ती वाजली की हातातलं टाकून बाहेर पळायचं, हे लातुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोज कणकेला हात लावण्याआधी तू ती उतरंड देवघर आवरावं तशी आवरायचीस.

त्यात मामानं मला गिटार दिली. मामा नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. लग्न झालं, नोकरी लागली, आणि मामीनं घरात एकच खुळ राहील असं बजावलं. गिटार आणि तिचा पेटारा, म्हणजे तो मोठा स्पीकर, आपल्याकडं आला. तारा सुरात लावायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. मामाला तरी कितपत माहीत होतं देव जाणे. दुपारची पंगत बसली होती, तू पोळ्या करत होतीस, मी आतल्या खोलीत वायरी जोडल्या, दिसेल ते बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि सगळ्यात जाड तार ओढली. आवाज कसला, नुसती घरघर. पण ती फरशीतून गेली, भिंतीतून गेली, आणि फळीवरचा चमचा वाजला, मग वाटी, मग पेला, मग सगळं एकदम. इतकं सुंदर काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

बाहेर काय झालं ते मला मागून कळलं. चाळीस पोरं ताटावरून उठली. कुणी आरडाओरडा केला नाही, पळायची सवय होती. किनवटचा एक जण ताटासकट पळाला, कारण त्या दिवशी भरलं वांगं होतं. समोरचे वकील अर्ध्या दाढीनं रस्त्यावर आले. त्यांना बघून पुढची गल्ली रिकामी झाली, तिला बघून तिच्या पुढची. तू लाटणं हातात घेऊन मधोमध उभी राहिलीस आणि पोरं मोजलीस. सगळी भरली. मग म्हणालीस, "माझी पोरगी कुठाय?" आणि लोक धरत असताना तू त्या घरात परत पळत आलीस. आत मी गिटारीवर वाकून, तो आवाज पुन्हा येतो का बघत होते. हसतही असेन. मला वाटलं, आता लाटणं पाठीत बसणार. तू उंबऱ्यावरच बसलीस, पिठाच्या हातांनी छाती धरून. म्हणालीस, "लई भ्याले गं मी." मग बराच वेळ त्या गिटारीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बिघडलंय ते. कसं गुरगुरून राहिलंय. दुरुस्त करून आनते."

दुसरी कुणी आई असती तर गिटार अडगळीत गेली असती. तू मेस बंद ठेवलीस. तापातही न थांबलेली मेस, एक अख्खा दिवस. पोरांना चिवड्याचे पुडे वाटलेस आणि गिटार गोधडीत गुंडाळून पहाटेच्या नांदेड एसटीत बसलीस. कंडक्टर म्हणाला टपावर टाका. तू म्हणालीस, "लेकराचं हाय, मांडीवरच राहू द्या." अहमदपूर, लोहा करत ती मांडीवरच गेली आणि मांडीवरच आली. नांदेडला मामाच्या ओळखीचे एक चाचा होते, बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात तू दिवसभर बसून राहिलीस, उद्या या म्हटल्यावर उठली नाहीस. दिवेलागणीला घरी आलीस तेव्हा तुझा चेहरा असा फुलला होता की जणू माझाच निकाल लागलाय. "चाचा म्हनले, 'बाई, इसकू बिमारी नै है, किसी ने सुर में नै रखा इसकू.' खुंट्या घट्ट केल्या, सुटलेल्या वायरीला डाख दिला. आता एक बी तार गुरगुरत न्हाई, बघ."

मी वायर जोडली, जाड तार ओढली. स्वच्छ, सरळ सूर. चमचा हलला नाही. आणि मी तुला बोलले, "वाटोळं केलंस तू. तुला काय कळतं यातलं? तू तुझ्या पोळ्या लाट." तू गोधडीची घडी घातलीस. म्हणालीस, "हाव, त्या तर लाटाव्याच लागत्यात." आणि आत जाऊन कणीक भिजवलीस, कारण दिवसभर चिवड्यावर राहिलेली चाळीस पोरं ताटली घेऊन बसली होती.

पुढं तू एकदाच माझ्या कार्यक्रमाला आलीस, पुण्याला. पहिल्या रांगेत, कानात कापूस, मांडीवर धपाट्यांचा डबा. आम्ही तासभर जे काय करायचं ते केलं. निम्मे लोक उठून गेले, तू बसून राहिलीस. कार्यक्रम झाल्यावर माझ्या मित्रांसमोर तू मला बाजूला घेऊन, तुझ्या मते हळू आवाजात, विचारलंस, "परत बिघडलंय का गं ते? नांदेडला नेऊ का? चाचा हायेत अजून." मित्र हसून हसून खाली बसले. तुला वाटलं धपाटे आवडले, म्हणून तूही हसलीस. त्यानंतर दोन वर्षांत तू गेलीस.

आणि आई, मी त्या गोष्टीवर पोट भरलं. वीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक मंचावर, वायर नीट लागेना की वेळ मारून न्यायला, मी सांगत आले: आमच्या आईनं माझी गिटार नेऊन दुरुस्त करून आणली हो! लोक हमखास हसतात. त्यात तू भाबडी, मी बिचारी कलावंत. पोळ्या लाट म्हणाले ते मी कधीच सांगितलं नाही. सगळे बाहेर पळाले आणि तू उलट घरात पळत आलीस, तेही नाही. गोष्ट लांबते, हे कारण मी स्वतःला दिलं होतं.

या अल्बमसाठी मी फळीवर पुन्हा उतरंड रचली. जी घरघर पुण्यातल्या महागड्या यंत्रांनी कधी दिली नाही, ती तिसऱ्या रविवारी सापडली. चमचा वाजला. एका समीक्षकानं त्याला आधुनिक माणसाच्या आतली पडझड म्हटलंय. ती तुझी कोशिंबिरीची वाटी आहे. सहाव्या रविवारी तासभर हाताशी उरला, तेव्हा मी तारा नीट सुरात लावल्या, चाचांनी लावल्या होत्या तशा, आणि काहीही न घुमवता चार मिनिटं साधं वाजवलं. ते मी अल्बममध्ये शेवटी ठेवलं. त्याच समीक्षकानं लिहिलंय की शेवटचा तुकडा का घेतला कळत नाही, एवढ्या वर्षांच्या बंडखोरीनंतर हे जरा गुळमट वाटतं. मीही त्याचा खुलासा कुणाला केलेला नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं. तू चौथी पास, जोडाक्षरांचा तुला कंटाळा. आलेलं प्रत्येक पत्र तू वरण वाढता वाढता एखाद्या पोराकडून भर पंगतीत मोठ्यानं वाचून घ्यायचीस. आणि एवढं एक मला चाळीस जणांसमोर नको आहे. तू नांदेडहून आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू गिरणीत गेलीस, तेव्हा मी दार लावून गिटार घेतली आणि सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला. ते इतकं गोड लागलं की मला रडू आलं. तू येईपर्यंत मी तेच वाजवत बसले होते. मग बाहेर पिठाचा डबा टेकवल्याचा आवाज आला, मी गिटार पलंगाखाली सरकवली आणि तोंड पाडून बसले. तू पदरानं घाम पुसत आत डोकावलीस आणि विचारलंस, "वाजवून पाह्यलं का गं?"

मी म्हटलं, नाही.